कमी खर्चाचे हवा-प्रदूषण सेन्सर : गावपातळीवर मोजणी कशी करावी आणि आकडा कसा वाचावा

ऊसतोड संपली की पाचट पेटते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गावावर धुराचा थर तरंगत राहतो. खडी क्रशरजवळच्या बागेत पानांवर पांढरी भुकटी बसते, तर वीटभट्टीशेजारच्या आंबा बागायतदाराची तक्रार वेगळीच असते. हे सगळे डोळ्यांना दिसते, नाकाला जाणवते. पण किती, कधी आणि कुठून, हे कोणी मोजलेले नसते. शासनाची हवा मोजणारी केंद्रे प्रामुख्याने शहरांत आणि औद्योगिक वसाहतींत आहेत. शेतशिवारातल्या हवेचा आकडा सहसा कुठेच नोंदलेला नसतो.

ही उणीव काही प्रमाणात भरून काढण्यासाठी काड्यापेटीएवढे, काही हजार रुपयांत मिळणारे सेन्सर वापरले जाऊ लागले आहेत. गावात असे पाच-सहा सेन्सर लावून त्यांची नोंद मोबाइलवर पाहता येते. मात्र खरेदीआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. हे सेन्सर धूर चांगला पकडतात, जाड धूळ फारच कमी पकडतात, आणि पिकांचे नुकसान करणारा ओझोन वायू स्वस्तात मोजणे अवघड आहे. तुमची अडचण या तिन्हींपैकी कोणती, यावर सेन्सर घ्यायचा की नाही हे ठरते.

हवेत नेमके काय मोजायचे?

हवेतील कणांचे आकारानुसार दोन गट धरतात. १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना पीएम १० म्हणतात आणि २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना पीएम २.५. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज येईल. पाचट, पऱ्हाटी, भाताचा पेंढा, चुलीतले लाकूड यांच्या धुरातील बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात आणि ते फुफ्फुसात खोलवर जातात. रस्त्याची, क्रशरची, नांगरटीची धूळ बरीच जाड असते. ती लवकर खाली बसते. म्हणून तिचा त्रास पानाला, फुलाला आणि द्राक्षाच्या घडाला जास्त दिसतो.

भारतात २००९ पासून लागू असलेल्या राष्ट्रीय मानकानुसार पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि वर्षाची सरासरी ४० च्या आत असावी. पीएम १० साठी हेच आकडे अनुक्रमे १०० आणि ६० आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी २४ तासांची १५ आणि वर्षाची ५ अशी बरीच कडक पातळी सुचवली.

यातला ‘२४ तासांची सरासरी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सकाळी सातला सेन्सरने ३०० दाखवले म्हणून मानक मोडले असे होत नाही. तो दिवसभराचा हिशेब आहे. उलट, दिवसाची सरासरी ५५ आली म्हणून सगळे ठीक आहे असेही नाही. पहाटे दोन तास २५० च्या धुरात दूध काढणाऱ्याला सरासरीचा काही उपयोग नसतो.

सेन्सर आतून कसा चालतो?

डबीत एक छोटा पंखा, एक लेसर दिवा आणि प्रकाश ओळखणारा एक भाग असतो. पंखा हवा आत ओढतो, कणांवर लेसर पडून प्रकाश विखुरतो, आणि विखुरलेल्या प्रकाशावरून कणांची संख्या व आकार यांचा अंदाज घेतला जातो. त्यावरून वजन काढताना कण कशाचे आहेत, किती जड आहेत, हे कारखान्याने आधीच गृहीत धरलेले असते. म्हणजे सेन्सर वजन मोजत नाही, अंदाज बांधतो.

शासकीय केंद्रातील यंत्र मात्र फितीवर कण गोळा करून, त्यातून बीटा किरण सोडून प्रत्यक्ष वस्तुमान काढते. आत येणारी हवा ते आधी गरम करून कोरडी करते. कण आणि वायू दोन्ही मोजणारे असे पूर्ण केंद्र उभारायचा खर्च कोटीच्या घरात जातो. दोन्ही यंत्रांतला फरक तुमच्या रोजच्या आकड्यांत उतरतो, तो असा.

पहिली अडचण ओलाव्याची. धुराचे कण हवेतील बाष्प शोषून फुगतात. आर्द्रता ७०-८० टक्क्यांच्या वर गेली की फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि सेन्सर तो मोठा, जड कण समजतो. धुके असेल तर पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजले जातात. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे धुई, दव आणि धूर एकाच वेळी असतात. त्यामुळे जो आकडा बघून आपण सर्वांत जास्त घाबरतो, तोच सर्वांत कमी भरवशाचा असतो. पावसाळ्यात कोकणात तर या सेन्सरच्या नोंदी जवळजवळ बाजूला ठेवाव्यात.

एक उदाहरण पाहा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तिथल्या घराघरांत बसवलेल्या पर्पलएअर या सेन्सरसाठी दुरुस्तीचे सूत्र काढले. सेन्सरच्या आकड्याला ०.५२४ ने गुणायचे, त्यातून आर्द्रतेची टक्केवारी गुणिले ०.०८६२ वजा करायचे आणि ५.७५ मिळवायचे. सेन्सर १०० दाखवत असेल आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर उत्तर येते सुमारे ५१. म्हणजे दाखवलेल्याच्या जवळपास निम्मे! हे सूत्र आपल्या गावाला जसेच्या तसे लावू नका. तिथला धूर वेगळा, धूळ वेगळी, आणि फार दाट धुरासाठी तिथेही हे सूत्र बदलावे लागले. पण कच्चा आकडा खऱ्या आकड्याच्या दुपटीइतका चुकू शकतो, एवढे यावरून समजते.

दुसरी अडचण जाड धुळीची. छोट्या पंख्याच्या ओढीने जाड कण आतपर्यंत नीट पोचत नाहीत, आणि पोचले तरी सेन्सर ते नीट ओळखत नाही. असे बरेच सेन्सर पडद्यावर ‘पीएम १०’ चा आकडा दाखवतात खरे, पण तो मुख्यतः बारीक कणांवरून बांधलेला अंदाज असतो. डोळ्यांसमोर धुळीचा लोट उठलेला असताना पडद्यावर फारसा फरक पडत नाही, त्याचे कारण हेच.

क्रशरच्या धुळीसाठी जुनी बरणीच बरी

‘क्रशरमुळे बागेचे नुकसान होते, सेन्सर लावून सिद्ध करता येईल का?’ असा प्रश्न असेल तर सरळ उत्तर आहे, नाही. उलट तोटाच होण्याची शक्यता. स्वस्त सेन्सर कमी आकडा दाखवेल आणि तोच आकडा समोरची बाजू तुमच्याविरुद्ध वापरेल.

इथे साधी पद्धत उपयोगी पडते. रुंद तोंडाची, सरळ कडांची बरणी किंवा बादली घ्या. तीत थोडे शुद्ध पाणी घाला, पक्षी बसू नयेत म्हणून वर मोठ्या छिद्रांची जाळी लावा आणि जमिनीपासून दोन-तीन मीटर उंचीवर, झाडापासून दूर ३० दिवस ठेवा. पाणी आटले तर पुन्हा भरा. महिन्याने पाणी गाळून, गाळ वाळवून वजन करा. कृषी विज्ञान केंद्राच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत त्यासाठी लागणारा अचूक तराजू असतो. समजा बरणीचे तोंड २० सेंटिमीटर व्यासाचे आहे आणि ३० दिवसांत ०.४७ ग्रॅम धूळ मिळाली. तोंडाचे क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मीटर, म्हणजे रोज चौरस मीटरला सुमारे अर्धा ग्रॅम धूळ बसली. अशा बरण्या क्रशरपासून १००, ३०० आणि १००० मीटरवर ठेवल्या तर अंतरानुसार धूळ कशी घटते ते स्पष्ट दिसते. पावसाळ्यात ही मोजणी करू नका.

याच्या जोडीला एकाच वयाची २०-२० पाने वेगवेगळ्या अंतरावरून तोडून, शुद्ध पाण्यात धुऊन, त्या धुवणाचेही वजन करता येते. धुळीच्या थरामुळे पानाला ऊन कमी मिळते, पर्णरंध्रे बुजतात आणि फवारणीचे औषध पानाऐवजी धुळीवरच राहते. बागायतदाराला हा शेवटचा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

क्रशरसाठी स्वतंत्र मानकही आहे. यंत्रापासून ३ ते १० मीटर अंतरावर हवेतील एकूण तरंगते कण ६०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरपेक्षा जास्त नसावेत. ही मोजणी प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने करायची असते. तुमच्या बरणीच्या नोंदी ती मोजणी करून घेण्यासाठी अर्जासोबत जोडा.

वीटभट्टीचे प्रकरण आणखी वेगळे. आंब्याच्या फळाचे टोक काळे पडण्याची विकृती उत्तर भारतात भट्ट्यांच्या जवळच्या बागांत अनेक वर्षांपासून माहीत आहे. तिचे कारण भट्टीतून निघणारे वायू मानले जाते, धुळीचे कण नाहीत. कणांचा सेन्सर तिथे एवढेच सांगेल की भट्टीचा धूर बागेपर्यंत कोणत्या दिवशी, किती वाजता पोचला.

पंजाबात २०२२ मध्ये काय दिसले?

धुराच्या बाबतीत मात्र हे स्वस्त सेन्सर खरेच कामाचे आहेत. याचे चांगले उदाहरण पंजाब-हरियाणातील आहे. जपानमधील क्योटो येथील संशोधन संस्थेच्या ‘आकाश’ प्रकल्पात २०२२ च्या हंगामात पंजाब, हरियाणा आणि दिल्ली परिसरात मिळून २९ ठिकाणी लहान सेन्सर बसवले गेले. त्यांतले बरेच ग्रामीण भागात होते. भाताची काढणी सुरू होण्याच्या सुमारास, ६ ते १० ऑक्टोबरला, पीएम २.५ ची पातळी ६० च्या खाली होती. पुढे ती चढत गेली आणि ५ ते ९ नोव्हेंबरला ५०० पर्यंत पोचली. २० ते ३० नोव्हेंबरच्या दरम्यान ती पुन्हा १०० च्या आसपास आली.

यातला महत्त्वाचा भाग असा की सेन्सर एका ओळीत नसून जाळ्यासारखे पसरलेले होते. त्यामुळे धुराचे दोन मोठे लोट, एक २ नोव्हेंबरचा आणि दुसरा १०-११ नोव्हेंबरचा, पंजाबातून दिल्लीकडे सरकताना टिपता आले. पोचायला कधी काही तास लागले, तर कधी तीन दिवस. सगळे वाऱ्याच्या वेगावर आणि दिशेवर. एकटा सेन्सर फक्त धूर आला एवढे सांगतो. तो कुठून आला, हे जाळ्यातून कळते.

दिल्लीच्या धुराची बातमी होते, पण आकडे पाहिले तर धुराचा पहिला मारा पंजाबातल्या गावांवरच झाला. पेंढा पेटवणारा शेतकरी, त्याची मुले आणि शेजारची वस्ती हा धूर दिल्लीच्या आधी घेतात.

काड जाळण्यावर उपग्रहाद्वारेही लक्ष ठेवले जाते. नवी दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था दरवर्षी १५ सप्टेंबरपासून रोज आगींची मोजणी प्रसिद्ध करते. पण ज्या उपग्रहांवर ही मोजणी मुख्यतः अवलंबून असते, ते दिवसा ठरावीक वेळी, प्रामुख्याने दुपारी दीडच्या सुमारास वरून जातात. चार-पाच वाजता पेटवलेली, अर्ध्या तासात विझलेली आग त्यांना दिसेलच असे नाही. ढग असतील तरी तीच अडचण. जमिनीवरचा सेन्सर रात्रंदिवस चालू असतो, म्हणून दोन्ही एकत्र पाहिले तर चित्र पुरे होते.

बिहार, उत्तर प्रदेश आणि मुंबई

आयआयटी कानपूरच्या पुढाकाराने बिहार आणि उत्तर प्रदेशात ब्लॉक पातळीवर देशी बनावटीचे सेन्सर बसवण्याचे काम झाले आहे. एकट्या बिहारमध्ये ५३४ ब्लॉक आहेत. प्रत्येक ठिकाणी कोटीचे केंद्र उभारणे कोणत्याही शासनाला परवडणारे नाही. ग्रामीण हवेसाठी शहराबाहेर एवढे मोठे जाळे उभारण्याचा हा देशातला महत्त्वाचा प्रयत्न आहे.

महाराष्ट्रात याच संस्थेने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळासोबत सेन्सरची चाचणी घेतली. नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात मुंबई परिसरातील मंडळाच्या १५ केंद्रांवर चार भारतीय नवउद्योगांचे ४० सेन्सर लावून त्यांचे आकडे केंद्राच्या आकड्यांशी ताडून पाहिले गेले. अचूकता ८५ ते ९० टक्के असल्याचे जाहीर झाले. सेन्सर विकणारे हा आकडा आवर्जून सांगतात. मात्र तो अनेक महिने खऱ्या केंद्राशेजारी ठेवून, ताडून पाहून मिळालेला आहे, आणि त्या काळात पावसाळा नव्हता. दुकानातून आणून थेट खांबावर टांगलेल्या डबीला तो लागू होत नाही.

गावात जाळे लावताना

आधी प्रश्न ठरवा, मग सेन्सर मोजा. ‘पाचट जाळण्याच्या दिवसांत शाळेच्या वेळेला धूर किती असतो?’ या प्रश्नाला दोन-तीन सेन्सर पुरतात. ‘साखर कारखान्याच्या बाजूने धूर येतो की आपल्याच शिवारातून?’ याला किमान पाच-सहा लागतील, आणि वाऱ्याची नोंद तर हवीच. ‘गावची हवा कशी आहे?’ हा प्रश्न फार मोघम आहे. त्यासाठी पैसे खर्च करू नका.

जागा निवडताना सेन्सर जमिनीपासून दोन ते चार मीटर उंचीवर, चारही बाजूंनी वारा लागेल असा ठेवा. चूल, गोठ्यातली धुरी, डिझेल इंजिन, चहाची टपरी, रस्त्याचे वळण यांपासून दूर ठेवा. ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावायचा मोह होतो, कारण तिथे वीज आणि वाय-फाय असते. पण मागे कोणी कचरा पेटवला की तुमचा सगळा महिना वाया. एक सेन्सर गावापासून दूर, जिथे धुराचा कोणताही जवळचा उगम नाही अशा माळावर ठेवा. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय गावातल्या आकड्याला अर्थ नाही.

डबीचे तोंड खाली असावे. वर पांढरे छत हवे, म्हणजे पाऊस आत जाणार नाही आणि ऊन लागून आतले तापमान वाढणार नाही. प्रत्येक डबीत तापमान आणि आर्द्रता मोजणारा भाग असलाच पाहिजे. तो नसेल तर ती डबी घेऊ नका. शक्य असल्यास एकाच पेटीत दोन कण-सेन्सर बसवा. दोन्हींचे आकडे जुळत नसतील तर एक बिघडला आहे हे लगेच कळते. शेतात वीज नियमित नसल्याने सौर पॅनेल आणि बॅटरी लागते. एवढे सगळे धरले की खर्च सुट्या सेन्सरच्या कित्येक पट होतो, हे अंदाजपत्रकात आधीच लिहा. सिमकार्डाचा महिन्याचा खर्च तर हमखास विसरला जातो, आणि रिचार्ज संपल्याने चांगला सेन्सर मुका होऊन बसतो. नेटवर्क नसलेल्या भागात लोरा पद्धतीचे रेडिओ वापरून काही किलोमीटरवरून आकडे एका ठिकाणी गोळा करता येतात. तेही जमत नसेल तर मेमरी कार्डावर नोंद होईल असे यंत्र घ्या.

खांबावर चढवण्याआधी सगळे सेन्सर एकाच ठिकाणी शेजारी-शेजारी आठ-दहा दिवस चालवा. ही पायरी टाळू नका. एकाच हवेत एक ४० आणि दुसरा ६० दाखवत असेल, तर तो फरक वहीत लिहून ठेवा आणि पुढे तेवढी वजाबाकी किंवा गुणाकार करा. अन्यथा दोन वस्त्यांमधला फरक हवेचा की डब्यांचा, हे कधीच कळणार नाही. तीन-चार महिन्यांनी पुन्हा सगळे एकत्र आणून हेच करा.

जवळच्या शहरात प्रदूषण मंडळाचे केंद्र असेल, तर परवानगी घेऊन एक सेन्सर तिथे दोन-तीन आठवडे ठेवावा. ताशी सरासऱ्या ताडून स्थानिक दुरुस्ती काढता येते. कृषी महाविद्यालय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतात. असे केंद्र जवळ नसेल तरी निराश होऊ नका. गावातले बहुतेक प्रश्न तुलनेचे असतात: काल आणि आज, वरची वस्ती आणि खालची वस्ती, जाळण्याआधी आणि नंतर. शेजारी-शेजारी तपासलेले सेन्सर अशा तुलनेला पुरतात. मानक मोडले की नाही हे मात्र त्यावरून सांगू नका.

वाऱ्यासाठी महसूल मंडळ पातळीवर बसवलेल्या ‘महावेध’ स्वयंचलित हवामान केंद्रांची नोंद उपयोगी पडते. केंद्र दूर असेल तर एका उंच काठीला हलक्या कापडाची पट्टी बांधा आणि सकाळ-संध्याकाळ दिशा लिहा. हास्यास्पद वाटेल, पण दिशा न लिहिलेला महिनाभराचा आलेख उत्तर देत नाही.

आकडा वाचायचा कसा?

मिनिटामिनिटाचा आकडा पाहू नका, तासाची सरासरी पाहा. हिवाळ्यात वारा पडलेला असतो आणि जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते. त्यामुळे संध्याकाळी सात ते दहा आणि पहाटेपासून नऊपर्यंत आकडा आपोआप चढतो आणि दुपारी उतरतो. नवीन कोणी काही जाळले नाही तरी हे होते. चुलींचा धूरही याच वेळी असतो. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात पारा खूप उतरला की बागेत ऊब राहावी म्हणून पहाटे शेकोट्या पेटवतात, त्या रात्री वहीत वेगळ्या नोंदवाव्यात. कोकणात उन्हाळ्यात भाजणी होते, तेव्हा राबाचा धूर येतो.

आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असलेले तास वेगळ्या रंगात दाखवा. दहा-अकरा वाजता आर्द्रता उतरल्यावरही आकडा चढाच असेल, तर तो खरा धूर समजा.

दिशा काढायला वेळेची साथ घ्या. समजा पश्चिमेच्या वस्तीवरील सेन्सरने ७ वाजून १० मिनिटांनी उसळी घेतली आणि तीन किलोमीटर पूर्वेच्या वस्तीवर तीच उसळी ७ वाजून ३५ मिनिटांनी आली. वारा पश्चिमेकडून सेकंदाला दोन मीटरने वाहत असेल तर तीन किलोमीटरला २५ मिनिटेच लागतात. हिशेब जुळला, म्हणजे धूर पश्चिमेकडून आला. दोन्हीकडे एकाच क्षणी चढ दिसला तर बहुधा तो धूर नव्हे, धुके आहे किंवा हवा एकदमच कोंडली आहे.

ओझोन : न दिसणारे नुकसान

वाहने आणि कारखान्यांतून निघणाऱ्या वायूंवर कडक ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो दुपारी सर्वांत जास्त असतो आणि शहराच्या वाऱ्याखालच्या शेतशिवारात अनेकदा शहरापेक्षाही जास्त मिळतो. पर्णरंध्रातून आत जाऊन तो प्रकाशसंश्लेषण घटवतो. गहू, सोयाबीन, कापूस, कडधान्ये आणि कांदा ही पिके त्याला जास्त बळी पडतात. भात, मका, बटाटा, द्राक्ष मध्यम. द्राक्षाच्या पानांवरील बारीक ठिपक्यांचे कारण ओझोन आहे, हे कॅलिफोर्नियात १९५८ मध्येच दाखवले गेले.

लक्षण असे: जुन्या पानांच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या भागात तपकिरी किंवा पांढुरके बारीक ठिपके पडतात, शिरा हिरव्याच राहतात. कोळी किंवा फुलकिडे समजून फवारणी होण्याची शक्यता मोठी आहे. पान उलटून भिंगाने पाहा. कीड, जाळी, विष्ठा काहीच नसेल आणि नवीन पाने स्वच्छ असतील, तर ओझोनचा विचार करा.

ओझोनचे स्वस्त सेन्सर बाजारात आहेत, पण त्यांना नायट्रोजन डायऑक्साइडही ओझोनसारखाच वाटतो, उन्हाने त्यांचा आकडा घसरतो आणि त्यातले रसायन साधारण दोन वर्षांत संपते. केवळ पीक नुकसानीसाठी ते विकत घेण्याचा सल्ला आज देता येत नाही.

आकडे कोणाच्या हातात?

हा प्रश्न शेतकरी हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. सेन्सरने धूर दाखवला तर दंड आपल्यालाच होईल का? दिल्ली आणि लगतच्या राज्यांत काड जाळण्याचा दंड नोव्हेंबर २०२४ मध्ये दुप्पट झाला: दोन एकरांपेक्षा कमी जमिनीला ५,००० रुपये, दोन ते पाच एकरांना १०,००० आणि त्याहून जास्त असल्यास ३०,००० रुपये. हा नियम महाराष्ट्राला लागू नाही. आणि ५०० मीटरवरच्या खांबावरील सेन्सर कोणत्या गटात आग लागली हे सांगूच शकत नाही.

तरीही जाळे लावण्यापूर्वी ग्रामसभेत ठरवून घ्या की नोंदी कोण पाहील, कुठे ठेवल्या जातील आणि कोणाला दिल्या जातील. विस्तार कार्यकर्त्यांनी ही चर्चा टाळू नये. लोकांचा विश्वास नसेल तर पहिल्याच हंगामात डबीवर पिशवी बांधलेली सापडेल.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाचट न जाळता सरीत कुजवणाऱ्या गावाकडे स्वतःचे आकडे असतील, तर बाहेरून येणाऱ्या धुराबद्दल ते ठामपणे बोलू शकते. हेक्टरी आठ-दहा टन पाचट जमिनीत जाते, तो फायदा वेगळाच.

कारखान्याविरुद्ध किंवा भट्टीविरुद्ध तक्रार करायची असल्यास सेन्सरचा आलेख हा कायदेशीर पुरावा समजू नका. वायू प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम १९८१ नुसार नमुने घेण्याचे अधिकार मंडळाच्या अधिकाऱ्यांना आहेत. उपप्रादेशिक कार्यालयाकडे अर्ज करताना ‘अमुक तारखांना, अमुक वेळी, वारा अमुक दिशेचा असताना आकडा चढतो’ अशी नोंद, छायाचित्रे आणि सेन्सर एकत्र तपासल्याची तारीख जोडा. कधी येऊन मोजायचे हे अधिकाऱ्याला कळले, तर मोजणी योग्य वेळी होते.

देखभाल

पंधरा दिवसांतून एकदा कोरड्या मऊ ब्रशने हवा येण्याचे छिद्र साफ करा. कोळ्याची जाळी आणि कुंभारमाशीचे घर हे दोन नेहमीचे शत्रू आहेत. फुंकर मारू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. सौर पॅनेलवरची धूळ आठवड्याला पुसा. सतत चालवल्यास पंखा आणि लेसर दोन-तीन वर्षांत थकतात. आकडा दिवसेंदिवस एकाच जागी अडकला किंवा भर धुरातही शून्याजवळ राहिला तर सेन्सर बदला. बदलल्याची तारीख त्याच वहीत लिहा, आणि नवा सेन्सर खांबावर चढवण्याआधी जुन्यांसोबत आठ दिवस चालवा.